नफ्याचं रुग्णालय आणि गावाचा हक्क



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय या सभागृहापासून फार लांबचा नाही. इथून घरी जाताना तुम्हाला दोन-चार रुग्णालयांच्या पाट्या दिसतील. मल्टिस्पेशालिटी, ॲक्सिडेंट अँड क्रिटिकल केअर, चोवीस तास सेवा. त्यातलं एखादं सरकारी असेल, एखादं ट्रस्टचं असेल, बाकीची बहुतेक खासगी, नफ्यावर चालणारी. आपण तिथे जन्मतो, तिथे आपली माणसं बरी होतात, आणि आपल्यातल्या अनेकांचा शेवटही तिथेच होतो. तरीही या संस्थांचं आपल्या गावाशी नेमकं नातं काय, हा प्रश्न आपण चारचौघांत क्वचितच विचारतो. बिल हातात पडलं की चिडतो, रुग्ण बरा झाला की डॉक्टरांना देव म्हणतो, आणि दोन्ही वेळा विचार तिथेच थांबतो. आज तो थोडा पुढे न्यायचा आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. नफा मिळवणाऱ्या रुग्णालयाची मालकी खासगी असू शकते, पण त्याचं काम सार्वजनिक आहे. गावाच्या विश्वासावर, गावाच्या पैशावर आणि गावाच्या नाइलाजावर ते उभं असतं. म्हणून त्याने गावाला हिशेब दिला पाहिजे. नफ्याला माझा विरोध नाही. ज्याचा कोणालाच जाब द्यावा लागत नाही, अशा नफ्याला माझा विरोध आहे.

पहिला मुद्दा असा की ही रुग्णालयं आपल्या गावांत आली कशी आणि त्यांनी आपल्याला दिलं काय? टीका करण्याआधी जमेची बाजू मोजली पाहिजे. मिरजेचं उदाहरण घ्या. विल्यम वानलेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचं रुग्णालय सुरू झालं. रेल्वेचं जंक्शन हाताशी, कर्नाटकाची हद्द जवळ. त्यामुळे बेळगाव-विजापूरकडून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं उपचाराला मिरजेत उतरू लागली. १९६२ साली तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. या दोन संस्थांच्या आसपास, त्यांत शिकलेल्या आणि काम केलेल्या डॉक्टरांची खासगी रुग्णालयं उभी राहत गेली. आज मिरजेची ओळखच वैद्यकीय पंढरी अशी सांगतात. रुग्णालयामागे औषधांची दुकानं आली, लॅब आल्या, नातेवाइकांसाठी लॉज आणि खाणावळी आल्या, रिक्षावाल्यांना धंदा मिळाला, परिचारिका, तंत्रज्ञ, आया, वॉर्डबॉय यांना नोकऱ्या मिळाल्या. लक्षात घ्या, हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी धर्मादाय आणि सरकारी पायाभरणी झाली, त्यावर खासगी इमारत चढली. जे मिरजेत झालं ते थोड्याफार फरकाने नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर इथेही झालं.

हे घडलं त्यामागे सरकारची माघारही आहे. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे त्या अहवालाचं मूळ सूत्र होतं. पुढच्या पाऊणशे वर्षांत आपण त्या सूत्राचा आदर भाषणांत केला, अंदाजपत्रकात केला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं. २०२१-२२ साली, म्हणजे कोविडच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. ही पोकळी कोणीतरी भरणारच होतं. १९८३ साली चेन्नईत अपोलोचं पहिलं रुग्णालय उघडलं आणि कंपनीच्या रूपातलं रुग्णालय देशात रुजलं. त्याच सुमारास महाराष्ट्रात विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयांना दार उघडलं. २००० साली रुग्णालयांत शंभर टक्के परकीय गुंतवणुकीला मोकळीक मिळाली. परिणाम काय झाला? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत, रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी ग्रामीण भागात सुमारे ५२ टक्के आणि शहरात सुमारे ६१ टक्के रुग्ण खासगी रुग्णालयांत गेलेले आढळले. म्हणजे आज खासगी रुग्णालय हा काही श्रीमंतांचा पर्याय राहिलेला नाही. तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता अडलेल्या बाळंतिणीवर शस्त्रक्रिया करायला उठणारं डॉक्टर जोडपं बहुतेकदा खासगीच असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालावे लागू नयेत, ही सोय अनेक ठिकाणी खासगी रुग्णालयाने केली. हे ऋण आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढचं एक वाक्यही बोलायचा आपल्याला अधिकार नाही.

मग अडतं कुठे? हा माझा दुसरा मुद्दा. नफा तर किराणा दुकानदारही मिळवतो, कापडवालाही मिळवतो. त्यांना आपण हिशेब मागत नाही, मग डॉक्टरांनाच का? याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली एका प्रसिद्ध निबंधात दिलं. त्याचं सार असं, की वैद्यकीय सेवेच्या बाजारात घेणाऱ्याला आपल्याला काय हवं हे माहीत नसतं. ते देणाराच ठरवतो. साडी घेताना आपण चार दुकानं फिरतो, पोत पाहतो, भाव करतो, नाही पटलं तर उठून येतो. छातीत कळ आलेला माणूस चार रुग्णालयांचे भाव विचारत फिरतो का? ते दृश्य क्षणभर डोळ्यांपुढे आणा. स्ट्रेचर आत गेलेलं असतं. काउंटरवर त्याचा मुलगा उभा असतो. डिपॉझिट भरा, या चार कागदांवर सह्या करा, खर्चाचा अंदाज नंतर सांगू. तो कागद वाचत नाही. वाचला तरी त्याला कळणार नाही, आणि कळला तरी तो नाही म्हणू शकणार नाही. चौथ्या दिवशी बिल येतं. त्यात खोलीचं भाडं कळतं, डॉक्टरांच्या भेटी कळतात. पण हातमोजे, सिरिंज, कॅथेटर, मॉनिटर, नर्सिंग, 'इतर' अशा पन्नास ओळींतली कुठली ओळ खरी आणि कुठली फुगवलेली हे ठरवायचं त्याच्याकडे काहीही साधन नसतं. ही फसवणूक असेलच असं नाही. पण इथे फसवणूक झाली तर ती पकडणारं कोणी नाही, हे मात्र नक्की. जिथे गिऱ्हाईक नाही म्हणू शकत नाही, तिथे बाजाराचा नियम लागू पडत नाही. बाजाराचा लगाम नसेल तर दुसरा लगाम लागतो. तो कोणाच्या हातात आहे?

हे नुसतं तर्काने सांगत नाही. दोन प्रकारचे पुरावे आपल्यासमोर आहेत. पहिला पुरावा किमतीचा. २०१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटवर कमाल किंमत लावली. ज्या औषधवेष्टित स्टेंटसाठी रुग्णाला लाखाच्या पुढे मोजावे लागत होते, त्याची मर्यादा २९,६०० रुपये ठरली. काय कोसळलं? अँजिओप्लास्टी बंद पडल्या का? पुढच्याच वर्षी याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतला गेल्याचं दिसलं. हा नफा कौशल्याचा नव्हता, धोक्याचा नव्हता. रुग्णाला बाहेरच्या दुकानातून सामान आणता येत नाही, एवढ्याच गोष्टीचा होता. दुसरा पुरावा निर्णयाचा, आणि तो अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सरकारी रुग्णालयांत सिझेरियनचं प्रमाण १४.३ टक्के होतं, खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. काही अवघड बाळंतपणं खासगीत जातात, काही कुटुंबं स्वतः मुहूर्त मागतात, सरकारी केंद्रांत गरज असूनही शस्त्रक्रिया होत नाहीत, हे सगळं धरलं तरी तिपटीहून मोठा फरक त्यातून पूर्ण उलगडत नाही. शरीराची गरज इमारतीच्या मालकीप्रमाणे बदलत नाही.

आणि मग बीडचं उदाहरण येतं, जे महाराष्ट्राने विसरता कामा नये. ऊसतोड कामगारांचं जगणं आपल्याला माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने फडात राबून ती फेडायची. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत राहायला जागा नाही, न्हाणीघर नाही, विश्रांती नाही. अशी बाई अंगावरून जातं, पोट दुखतं म्हणून रुग्णालयात गेली, तर तिला काय सांगितलं गेलं? गर्भाशय काढून टाका, कटकट मिटेल. २०१६ ते २०१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याचं आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामात जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशयं काढलेली आढळली. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असं मी म्हणणार नाही. तसं कोणालाच म्हणता येणार नाही. पण इतक्या स्त्रिया, इतक्या कमी वयात, एकाच व्यवसायातल्या, एकाच जिल्ह्यातल्या. हा आकडा इतकी वर्षं कोणाच्याच डोळ्यांना कसा टोचला नाही? प्रत्येक रुग्णालयाला आपापल्या शस्त्रक्रिया माहीत होत्या. मुकादमाला कामाचे दिवस माहीत होते. गावाला मात्र काहीच माहीत नव्हतं, कारण रुग्णालयांनी आपल्या कामाची बेरीज गावापुढे मांडावी अशी रीतच नव्हती. पुढे अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. अट चांगली आहे, पण ती आली हजारो स्त्रियांनंतर. गावाला जर दरवर्षी नुसता आकडा कळला असता, तर एवढी वर्षं गेली असती का?

आता तिसरा मुद्दा, मालकीच्या अंतराचा. 'खासगी रुग्णालय' या एका नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी घालतो. एक म्हणजे वीस-पंचवीस खाटांचं नर्सिंग होम. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात, मुलं गावातल्याच शाळेत जातात, गणपतीची वर्गणी तेही भरतात. त्यांनी कोणाला लुबाडलं तर दुसऱ्या दिवशी बाजारात ते त्यांच्या कानावर येतं. हा सामाजिक लगाम कच्चा असतो, पण असतो. दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीचं रुग्णालय. पुण्यातल्या सह्याद्री रुग्णालय समूहाचा प्रवास पाहा. डॉक्टरांनी उभी केलेली ही संस्था २०१९ साली एव्हरस्टोन या गुंतवणूक संस्थेकडे गेली, २०२२ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडे गेली, आणि २०२५ साली मणिपाल समूहाने ती घेण्याचा करार जाहीर केला. मी त्या संस्थेच्या उपचारांबद्दल काहीही दोष देत नाही. तिथे आज अनेक उत्तम डॉक्टर काम करतात. मी फक्त मालकीचा पत्ता दाखवतो आहे. कर्वे रस्त्यावरच्या रुग्णाच्या बिलातला शिलकीचा भाग टोरांटोच्या निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनमध्ये जाऊ शकत होता, इतकं हे अंतर वाढलं होतं. त्या शिक्षकाचा यात काही दोष नाही. पण पुण्यातल्या रुग्णाची अडचण त्याच्या कानावर जाणार होती कशी?

शेअर बाजारात नोंदलेल्या रुग्णालय कंपन्यांचे तिमाही अहवाल कोणीही वाचू शकतो. त्यात एक आकडा हटकून असतो: भरलेल्या प्रत्येक खाटेमागे दिवसाला सरासरी किती उत्पन्न. काही मोठ्या साखळ्यांत हा आकडा आज दिवसाला पन्नास हजार रुपयांच्या पुढे आहे. तो वाढला की विश्लेषक समाधान व्यक्त करतात, रुग्ण किती दिवसांत खाट रिकामी करतो याचाही हिशेब होतो. व्यवसाय म्हणून यात गैर काही नाही. गुंतवणूकदाराला हे विचारायचा हक्क आहे. पण पाहा, गुंतवणूकदाराला तीन महिन्यांनी एकदा उत्तर मिळतं, कागदावर, आकड्यांनिशी. ज्या गावात ती खाट आहे त्या गावाला? या रुग्णालयात संसर्गाचं प्रमाण किती, किती बाळंतपणांत सिझेरियन झालं, तातडीच्या किती रुग्णांना परत पाठवलं, किती गरिबांना सवलत मिळाली, यातलं एकही उत्तर गावाला मिळत नाही. एकाच इमारतीचा एक हिशेब जाहीर आहे आणि दुसरा गुलदस्त्यात. ज्याचा पैसा त्याला हिशेब, हे मी समजू शकतो. पण मग पुढचा प्रश्न येतोच. इथे पैसा फक्त गुंतवणूकदाराचाच आहे का?

हा माझा चौथा मुद्दा. नाही, फक्त त्याचा नाही. या रुग्णालयांत गावाची गुंतवणूक आहे, आणि ती मोठी आहे. तिथले अनेक डॉक्टर सरकारी महाविद्यालयांत, म्हणजे जनतेच्या करांवर आणि गरीब रुग्णांच्या अंगावर हात ठेवून शिकलेले असतात. रस्ते, पाणी, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था सार्वजनिक असते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आज सरकार खासगी रुग्णालयांचं मोठं गिऱ्हाईक आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर झाली, २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ साली आयुष्मान भारत आली. या योजनांतून सार्वजनिक पैसा खासगी शस्त्रक्रियागृहांत वाहतो. तो वाहावा, त्यातून अनेक जीव वाचले. पण जनतेचा पैसा घेणाऱ्याने जनतेला हिशेब देणं हा उपकार नव्हे. आणखी एक गुंतवणूक सहज दिसत नाही, ती अपयशाचा भार उचलण्याची. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बालकं होती. सारा देश हादरला. उच्च न्यायालयात सरकारने सांगितलं की अनेक रुग्ण खासगी रुग्णालयांतून शेवटच्या अवस्थेत आले होते. न्यायालयाने एवढ्यावर सरकारला सोडलं नाही, आणि ते योग्यच होतं. सरकारी रुग्णालयातली रिकामी पदं आणि अपुऱ्या खाटा यांची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. पण त्या उत्तरातली वस्तुस्थितीही डोळ्याआड करू नका. पैसे संपले, गुंतागुंत वाढली, की चिठ्ठी लिहून 'रेफर' करायचं. बरे झालेले रुग्ण खासगीच्या खात्यात जमा, दगावलेले सरकारीच्या. अशा हिशेबात सरकारी रुग्णालय कायम नापास होणार आणि खासगी कायम पास. मग लोक म्हणणार, सरकारीत मरण आहे, आणि कर्ज काढून खासगीत जाणार. २०१७-१८ च्या त्याच राष्ट्रीय नमुना पाहणीत एका वेळच्या भरतीचा सरासरी खर्च सरकारीत ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. हा सातपटीचा फरक शेवटी कुठून भरला जातो? दागिन्यातून, जनावरं विकून, सावकाराकडून.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप डॉक्टर मंडळींचा, आणि त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, जागेचे भाव, यंत्रांचे हप्ते, कर्मचाऱ्यांचे पगार, अग्निशमनापासून कचऱ्यापर्यंतचे परवाने, हे सगळं आम्ही भरायचं. सरकारी योजनेचे दर तोकडे आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. वर नातेवाइकांचा मारही खायचा. खरं आहे. डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, ही आपल्या समाजाला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. सरकारने वेळेवर पैसे द्यावेत, दर वास्तव असावेत, आणि वीस खाटांच्या नर्सिंग होमला पाचशे खाटांच्या रुग्णालयाचेच नियम जसेच्या तसे लावू नयेत, या तिन्ही मागण्यांना माझा पाठिंबा आहे. पण खर्च खरा असेल तर तो दाखवायला अडचण कसली? उलट, हिशेब बंद असतो म्हणूनच संशय वाढतो, आणि संशयाचा दगड प्रामाणिक डॉक्टरांच्या काचेवरही पडतो. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अठ्ठ्याहत्तर डॉक्टरांशी बोलून या व्यवसायातली कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्याचं कमिशन, आणि अनावश्यक तपासण्या उजेडात आणल्या. बोलणारे कोण होते? डॉक्टरच होते. पारदर्शकतेची गरज सगळ्यात जास्त प्रामाणिक डॉक्टरांना आहे, कारण कमिशन न देणारा डॉक्टर आजच्या व्यवस्थेत एकटा पडतो. कट प्रॅक्टिसविरुद्ध २०१७ साली आपल्या राज्यात कायद्याचा मसुदा तयार झाला. तो मसुदाच राहिला.

दुसरा आक्षेप बाजारवाल्यांचा. स्पर्धा वाढू द्या, दर आपोआप उतरतील. उतरले का? ज्या शहरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रुग्णालयं आहेत तिथे स्पर्धा रुग्णासाठी कमी आणि रुग्ण पाठवणाऱ्यासाठी जास्त झाली. ज्याला निवड करता येत नाही त्याच्यापुढे पर्याय वाढवून निवड वाढत नाही. पण नफ्याचं रुग्णालय स्वस्त आणि चांगलं असूच शकत नाही असंही नाही. बंगळुरूचं नारायण हृदयालय ही नफ्याची कंपनी आहे, शेअर बाजारात नोंदलेली आहे. मोठ्या संख्येने शस्त्रक्रिया करून तिने हृदयशस्त्रक्रियेचा खर्च खाली आणला. २००३ साली कर्नाटकात सुरू झालेल्या यशस्विनी योजनेच्या उभारणीतही तिचा वाटा होता. सुरुवातीला सहकारी संस्थांचे शेतकरी सभासद महिन्याला पाच रुपये भरून शस्त्रक्रियेचं संरक्षण मिळवत होते. इथे फरक कशाने पडला? नफा होताच. पण दर आधी ठरलेला होता आणि शेतकरी एकेकटा न येता संघटित होऊन आला होता. गिऱ्हाईक संघटित झालं आणि दर उघड झाला, की तोच नफा समाजाच्या उपयोगी पडतो. सहकाराच्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला हवं का?

तिसरा आक्षेप असा की ट्रस्टची रुग्णालयं तरी कुठे वेगळी वागतात? रास्त प्रश्न. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्यात, एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धनांच्या निधीत टाकावी, ही योजना उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिली. नियम इतका स्पष्ट असूनही त्या खाटेसाठी गरिबाला चिठ्ठ्या आणि ओळखी शोधाव्या लागतात. यातून निष्कर्ष कोणता निघतो? नावाने धर्मादाय असणं पुरेसं नाही, तसं नावाने नफ्याचं असणं हा गुन्हाही नाही. दोघांनाही कोणीतरी विचारणारं हवं.

चौथा आक्षेप, म्हणजे पुन्हा इन्स्पेक्टर राज आणणार का? नाही. याचं उत्तर आपण कोविडमध्ये जगलो आहोत. २०२० च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांवर दरनियंत्रण आणलं. साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तक्रारी झाल्या, पळवाटा निघाल्या, गैरप्रकारही झाले. पण महापालिकांनी रुग्णालयांत लेखापरीक्षक बसवले, बिलं तपासली गेली, आणि जादा घेतलेले पैसे अनेक ठिकाणी परत करावे लागले. जे एरवी अशक्य म्हणून सांगितलं जातं, ते गरज पडल्यावर महिनाभरात झालं. बिलं तपासण्याचं ते काम मुंबईच्या मंत्रालयात बसून झालं नाही. ज्या शहरात रुग्णालय, त्याच शहरातल्या माणसाने ते केलं. नव्या कायद्याची वाटही बघायला नको. आपल्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने नोंदणी आणि तपासणीचं काम स्थानिक यंत्रणेकडेच सोपवलेलं आहे. २०२१ साली त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. किती ठिकाणी ती दिसते, हे उद्या तुम्हीच जाऊन पाहा.

तर मग मागायचं काय? माझ्या मागण्या चार आहेत आणि चारही साध्या आहेत. एक, तातडीचं दार उघडं. जीव धोक्यात असलेल्या माणसावर प्रथम उपचार करणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितलं आहे. डिपॉझिट नंतर, उपचार आधी. आणि या उपचाराचा खर्च रुग्ण देऊ शकला नाही तर तो सरकारने द्यावा, म्हणजे डॉक्टरांवरही अन्याय नको. दोन, दर उघडा. नेहमीच्या शस्त्रक्रियांचे, खोल्यांचे, तपासण्यांचे दर मराठीत, मोठ्या अक्षरांत, दारातच. तीन, काम उघडं. वर्षातून एकदा प्रत्येक रुग्णालयाने दोन पानी अहवाल महापालिकेला, नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्यावा: किती रुग्ण, कोणत्या शस्त्रक्रिया किती, किती रेफर केले, योजनेतून किती रक्कम मिळाली, किती तक्रारी आल्या. रुग्णाचं नाव नको, फक्त बेरीज. आणि चौथी मागणी आपल्याकडे: तो अहवाल वाचायला आणि त्यावर प्रश्न विचारायला डॉक्टर, नागरिक, महिला बचतगट आणि स्थानिक प्रतिनिधी यांची एक समिती. त्या समितीने दगड न उचलता कागद वाचायचा. त्यासोबत सरकारी रुग्णालय बळकट करण्याची मागणी एक दिवसही सोडायची नाही, कारण खासगी रुग्णालयाला खरी शिस्त लावतं ते शेजारचं चांगलं चालणारं सरकारी रुग्णालय. रुग्णाला 'नाही' म्हणण्याची ताकद तिथूनच मिळते.

समारोप करतो. खासगी रुग्णालयांनी सरकारने सोडलेली जागा भरली, याबद्दल त्यांचं ऋण मान्य करू. आजारी माणूस साधं गिऱ्हाईक नसतो, म्हणून बाजाराचा लगाम तिथे पुरत नाही. मालकी गावापासून लांब गेली तशी जबाबदारीही लांब गेली, ती परत आणावी लागेल. आणि या संस्थांत गावाचा पैसा, गावाचा विश्वास, गावाची शरीरं गुंतलेली आहेत, म्हणून हिशेब मागणं हा गावाचा हक्क आहे. आपण ग्रामसभेत रस्त्याच्या खडीचा हिशेब मागतो, पतपेढीच्या वार्षिक सभेत ताळेबंदावर तावातावाने भांडतो, शाळेच्या फीवाढीवर मोर्चे काढतो. बीडच्या स्त्रियांसाठी हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही. आपल्या गावासाठी तो विचारायला आणखी कोणता आकडा यायची वाट बघायची? येत्या महिन्यात आपापल्या नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत एक अर्ज द्या: आमच्या हद्दीतल्या नोंदणीकृत रुग्णालयांची यादी द्या, आणि शेवटची तपासणी कधी झाली ते सांगा. सुरुवात एवढ्यावरूनच होते, आणि ती करायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.